लघवीवरचा ताबा : स्त्रीचा आणि पुरुषाचा

घरांतील एखादी पन्नाशीची बाई अलीकडे कीर्तनाला जात नाहीं, लग्नकार्यांत फार वेळ बसत नाहीं, आगगाडीच्या प्रवासाचें नांव काढलें कीं कांहीं तरी निमित्त सांगते. कारण विचारलें तर गुडघे दुखतात म्हणते. खरें कारण निराळेंच असतें. खोकला आला, शिंक आली, नातवाला कडेवर उचलून घेतलें, किंवा कोणाच्या विनोदावर मोकळेपणीं हंसूं आलें कीं लघवीचे चार थेंब नकळत बाहेर पडतात, आणि ही गोष्ट चारचौघांत उघड होईल या धास्तीनें ती घरांत राहते. त्याच घरांतील सत्तरीचे आजोबा रात्रीं अंथरूण ओलें झालें म्हणून सकाळीं कोणाशीं धड बोलत नाहींत. दोघांच्याही बाबतींत घरची मंडळी मनांतल्या मनांत एकच निदान करतात : वय झालें. निदान एक आणि उपायही एकच, तो म्हणजे गप्प बसणें.

परंतु या दोन घटना एकाच जातीच्या नव्हत. मूत्राचा मार्ग अडवून धरणारी जी यंत्रणा शरीरांत आहे, तिची रचना स्त्रीमध्यें एक आणि पुरुषामध्यें दुसरी आहे. एकाच वाड्याच्या दोन दरवाजांना निरनिराळीं कुलुपें असावींत, तसा हा प्रकार. कुलूप बिघडलें तर दोहोंना एकच किल्ली चालणार नाहीं हें उघड आहे. असें असूनही वैद्यकानें प्रसंगीं एका दरवाजाची किल्ली दुसऱ्याला लावून पाहिली, आणि स्त्रीच्या कुलुपांत नेमकें काय बिघडतें हें ठरविण्यांत जवळजवळ शंभर वर्षें घालविलीं.

मूत्रपिंडांत दिवसाकाठीं सुमारें दीड लिटर मूत्र तयार होतें आणि तें थेंबाथेंबानें मूत्राशयांत उतरतें. मूत्राशय ही स्नायूंनीं विणलेली एक पिशवी आहे. भरत असतांना ती सैल पडत जाते. त्यामुळें आंत बरेंच मूत्र सांठलें तरी आंतील दाब फारसा वाढत नाहीं. प्रौढ माणसाच्या मूत्राशयांत सामान्यतः ४०० ते ५०० घन सेंटिमीटर मूत्र मावतें आणि ती पिशवी निम्मी भरण्याच्या सुमारास पहिली जाणीव होते. इकडे पिशवी सैल असते, तेव्हां तिकडे तिच्या तोंडाचे स्नायू आवळलेले असतात. लघवीस बसल्यावर ही व्यवस्था उलटी होते. प्रथम तोंड ढिलें पडतें आणि मग पिशवी आवळते. ही अदलाबदल घडवून आणणारें केंद्र मेंदूच्या देठांत आहे, असें फ्रेडरिक बॅरिंग्टन या इंग्रज शस्त्रवैद्यानें १९२५ सालीं मांजरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. तान्ह्या मुलांत हें केंद्र आपल्या लहरीनें चालतें. मूल मोठें होतें तसें तें मोठ्या मेंदूची परवानगी मागूं लागतें. लघवीवरचा ताबा म्हणतात तो हाच. तो शिकावा लागतो, आणि एकदां शिकल्यावर माणूस त्याला इतका विसरून जातो कीं तो सुटला कीं आपलें बालपण परत आलें अशी त्याला लाज वाटते.

तोंडाशीं असलेले स्नायू दोन प्रकारचे आहेत. एक अनैच्छिक, आंतड्यांच्या भिंतींत असतो तसा. त्याला हुकूम देतां येत नाहीं. दुसरा ऐच्छिक, हातापायांच्या स्नायूंसारखा, सूक्ष्मदर्शकाखालीं ज्यावर आडव्या रेघा दिसतात असा. या दुसऱ्याला ऐच्छिक संवरणी म्हणावें. तिच्याकडे जाणारे मज्जातंतु मज्जारज्जूच्या अगदीं खालच्या टोकाजवळील पेशींच्या एका लहानशा पुंजक्यांतून निघतात. १८९९ सालीं न्यूयॉर्कमधील मज्जाशास्त्रज्ञ ओनुफ्रोविच यानें हा पुंजका वर्णिला. संक्षेपानें त्याला ओनुफचा पुंजका म्हणतात. पुरुषांत त्यांतील पेशींची संख्या स्त्रियांपेक्षां अधिक असते. हा पुंजका मोठा चिवट आहे. पोलिओनें पाय लुळे पडले तरी, किंवा सर्वांगाचे स्नायू झिजवीत नेणाऱ्या दुर्धर मज्जारोगांतही, तो बहुधा शाबूत राहतो. हात उचलतां येत नाहीं, घास गिळतां येत नाहीं, पण लघवीवरचा ताबा टिकून आहे, असे रोगी वैद्यांच्या पाहण्यांत आहेत.

आतां पुरुषाचा दरवाजा. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारें १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो आणि त्यावर एकाखालीं एक अशीं दोन कुलुपें आहेत. पहिलें मूत्राशयाच्या मानेशीं. तेथें अनैच्छिक स्नायूचें एक भरदार वलय आहे. वीर्यस्खलनाच्या वेळीं तें घट्ट मिटतें आणि वीर्य उलटें मूत्राशयाकडे जाऊं देत नाहीं. एरवीं तें मूत्र अडवून धरण्यास हातभार लावतें. त्याच्या खालीं अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथि मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. या ग्रंथीच्या खालच्या टोकाशीं दुसरें कुलूप, म्हणजे ऐच्छिक संवरणी. तिचा आकार घोड्याच्या नालेसारखा, पुढें जाड व मागें पातळ. आवळली कीं ती मूत्रमार्गाला मागें खेंचून दाबते. याहून खालीं, अंडकोशाच्या मागें, मूत्रमार्गाचा जो फुगीर भाग आहे त्यालाही स्वतःचा एक स्नायु आहे. लघवी संपतांना शेवटचे थेंब झटकून टाकणें हें त्याचें काम.

दोन कुलुपें असल्याचा पुरावा शस्त्रक्रियागृहांत रोज मिळतो. प्रोस्टेट ग्रंथि वाढून मार्ग अडला, तर शस्त्रवैद्य मूत्रमार्गांतून दुर्बीण घालून ग्रंथीचा आंतला भाग तासून काढतात. त्यांत वरचें कुलूप बहुतेक नाहींसें होतें. स्खलनाच्या वेळीं वीर्य मागें मूत्राशयांत जाऊं लागतें तें त्यामुळेंच. पण लघवी गळत नाहीं. निदान बहुतेकांची तरी गळत नाहीं. खालचें कुलूप एकट्यानें दार सांभाळतें.

स्त्रीचा मूत्रमार्ग ३ ते ४ सेंटिमीटरांचा, पुरुषाच्या पंचमांशाइतका. लांबी कमी हें सर्वांना ठाऊक असतें आणि सारें खापर त्याच लांबीवर फोडण्याची रीत आहे. परंतु खरा फरक लांबींत नसून कुलुपांत आहे. स्त्रीच्या मूत्राशयाच्या मानेशीं पुरुषासारखें भरदार अनैच्छिक वलय नसतें. ज्यांना आयुष्यांत कधीं गळती झाली नाहीं अशाही कांहीं स्त्रियांची मान उभ्यानें खोकतांना उघडते, असें क्ष-किरणांखालीं दिसून आलें आहे. म्हणजे तिचा सारा भरंवसा खालच्या, ऐच्छिक संवरणीवर. ही संवरणी मूत्रमार्गाच्या मधल्या भागाला वेढते. मिशिगन विद्यापीठांतील शारीरशास्त्रज्ञ थॉमस ओल्रिच यानें १९८० सालीं पुरुषाची आणि १९८३ सालीं स्त्रीची संवरणी बारकाईनें वर्णिली, आणि स्त्रीची संवरणी म्हणजे पुरुषाच्या संवरणीची लहान प्रत नव्हे, ही गोष्ट स्पष्ट झाली. स्त्रीमध्यें तिचे खालचे तंतु दोन पट्ट्यांचे बनतात : एक पट्टा मूत्रमार्गावरून दोन्ही बाजूंच्या हाडांकडे पसरतो, दुसरा मूत्रमार्ग आणि योनि या दोहोंना मिळून वळसा घालतो. पुरुषांत शेवटचे थेंब झटकणारा जो स्नायु, तो स्त्रीमध्यें योनिमुखामुळें दुभंगून दोन बाजूंना गेलेला असतो. मूत्रमार्गाला पिळण्याचें काम त्याच्याकडून पुरुषाइतकें होत नाहीं.

या संवरणीच्या जोडीला स्त्रीमध्यें आणखी एक युक्ति आहे. मूत्रमार्गाचें आंतील अस्तर मऊ, घड्या पडलेलें आणि रक्तवाहिन्यांनीं भरलेलें असतें. नळाच्या तोटींत वायसर जें काम करतो, तेंच हें अस्तर करतें. बाहेरून थोडा दाब पडला तरी फट राहत नाहीं. ऋतुप्राप्ति बंद झाल्यावर हें अस्तर पातळ होऊं लागतें.

पण मुख्य प्रश्न पाठीशीं काय आहे, हा आहे. स्त्रीची संवरणी मागच्या बाजूस पातळ असते. आवळली म्हणजे ती मूत्रमार्गाला मागें, योनीच्या पुढच्या भिंतीवर दाबते. ती भिंत घट्ट असेल तर मार्ग मिटतो. ती सैल असेल तर संवरणीनें कितीही जोर केला तरी दाबावयाचें कशावर? योनीची ही भिंत दोन्ही बाजूंना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना जोडलेली असते. बाळंतपणांत मुलाचें डोकें याच स्नायूंमधून वाट काढतें, तेव्हां ते मूळच्या लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात, कधीं हाडापासून सुटतातही. जाणारे मज्जातंतुही त्यांच्याबरोबर ताणले जातात.

म्हणून गळती म्हणजे बाळंतपणाचा प्रसाद, अशी समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. नॉर्वेमध्यें ६५ वर्षांखालील १५,३०७ स्त्रियांची पाहणी झाली आणि तिचे आंकडे २००३ सालीं प्रसिद्ध झाले. नैसर्गिक प्रसूति झालेल्या स्त्रियांत शेंकडा २१ जणींना कोणत्या ना कोणत्या प्रकारची गळती होती; पोट चिरून मूल काढलेल्या स्त्रियांत शेंकडा १५.९, आणि ज्यांना मूलच झालें नव्हतें त्यांच्यांतही शेंकडा १०.१. हा शेवटचा आंकडा विचार करण्याजोगा आहे. ज्या दहांतील एकीला बाळंतपण ठाऊक नाहीं, तिचें कुलूप कशानें ढिलें झालें?

या प्रश्नावर वैद्यांत दोन पक्ष पहिल्यापासूनच होते. बाल्टिमोरच्या हॉवर्ड केलीनें १९१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत मूत्राशयाच्या मानेशीं सैल पडलेला स्नायु टांके घालून आवळण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. त्याच्या मतें दोष द्वारपालाचा. लंडनच्या व्हिक्टर बॉनीनें १९२३ सालीं दोष आधाराला दिला : खालची भिंत सैल पडते, म्हणून मूत्राशय खालीं सरकतो. पुढें दुसऱ्या पक्षाची सरशी झाली. १९४९ सालीं मार्शल, मार्केटी व क्रांट्झ या तिघा अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजू पुढच्या हाडाला टांक्यांनीं बांधून मूत्राशयाची मान वर उचलण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. गंमत अशी कीं हजारों स्त्रियांवर झालेली ही शस्त्रक्रिया प्रथम केली गेली ती एका पुरुषावर. गुदाशयाच्या कर्करोगासाठीं झालेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याची लघवी गळूं लागली होती. १९६१ सालीं स्वीडनच्या गोरान एनहॉर्निंगनें मूत्राशय व मूत्रमार्ग या दोहोंतील दाब एकाच वेळीं मोजला. निरोगी स्त्रीमध्यें खोकतांना पोटाचा दाब मूत्राशयावर पडतो तसा मूत्रमार्गावरही पडतो, म्हणून गळती होत नाहीं. मान खालीं घसरली कीं हा समतोल जातो, असें त्यानें दाखविलें.

१९९४ सालीं मिशिगनच्या जॉन डीलॅन्सीनें हा आधार म्हणजे मूत्रमार्गाखालीं टांगलेली एक झोळी आहे असा सिद्धांत मांडला. त्याचा बागेंतील रबरी नळीचा दृष्टांत मोठा समर्पक आहे. नळी फरशीवर असेल तर तिच्यावर पाय देतांच पाणी बंद होतें. तीच चिखलांत असेल तर पायाखालीं रुतत जाते आणि पाणी वाहतच राहतें. दोन वर्षांनीं, १९९६ सालीं, स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेननें मूत्रमार्गाच्या मध्याखालून कृत्रिम धाग्याची एक विणलेली पट्टी घालण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. फरशीच घालून देण्याचा हा प्रकार. पुष्कळ स्त्रियांना त्यानें गुण आला. कांहींना मात्र पट्टी आंत रुतल्यानें कायमच्या वेदना झाल्या, आणि तक्रारी इतक्या वाढल्या कीं इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनें २०१८ च्या जुलैंत ही शस्त्रक्रिया तात्पुरती थांबविली.

आणि मग झोळीच्याच पुरस्कर्त्यानें तराजूचें दुसरें पारडें जड केलें. २००८ सालीं डीलॅन्सी व त्याचे सहकारी यांनीं गळती असलेल्या १०३ आणि गळती नसलेल्या १०८ स्त्रिया शेजारींशेजारीं ठेवून सर्व गोष्टी मोजल्या : आधार, मानेची हालचाल, मूत्रमार्ग मिटण्याचा दाब. आधाराचा फरक अपेक्षेपेक्षां थोडा निघाला. सर्वांत मोठा फरक निघाला तो मिटण्याच्या दाबांत. निरोगी स्त्रियांत तो सरासरी पाण्याच्या ७० सेंटिमीटर उंचीइतका होता. गळती असणाऱ्यांत तो ४१ च्या घरांत होता. स्वतःच्या सिद्धांताला मुरड घालणारा आंकडा स्वतःच छापणें हें शास्त्रज्ञाला शोभण्यासारखेंच झालें. केलीचा जुना संशय पुन्हां जागा झाला : आधार ढळतो हें खरें, पण द्वारपालही थकलेला असतो. या संवरणींतील तंतु वयाबरोबर विरळ होत जातात, मूल झालेलें असो वा नसो. नॉर्वेतील त्या दहांतील एकीचें उत्तर बहुधा येथेंच आहे.

दोष स्नायूचा असेल तर स्नायूला तालीम देतां येईल. हा विचार लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यानें १९४८ सालीं प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सैल पडलेले स्नायू शस्त्रक्रियेवांचून सुधारावेत म्हणून त्यानें स्त्रियांना ते आवळण्यास शिकविलें, आणि नुसतें शिकविलें नाहीं तर दाबमापकाला जोडलेली एक रबरी नळी तयार केली. स्नायु आवळला कीं मापकाचा कांटा हलावयाचा. ज्या स्नायूकडे कधीं लक्ष गेलें नाहीं, तो हलतो आहे हें स्त्रीला डोळ्यांनीं दिसूं लागलें. व्यायामाला आज केगेलचें नांव चिकटलें आहे; यंत्र मात्र बहुतेक विसरले. हें विसरणें महागांत पडतें. १९९१ सालच्या एका पाहणींत ४७ स्त्रियांना हा व्यायाम केवळ तोंडी समजावून देण्यांत आला. सुमारें निम्म्यांनाच तो नीट जमला. चारांतील एक बाई तर स्नायु वर उचलण्याऐवजीं खालीं कुंथत होती, म्हणजे गळती थांबविण्याऐवजीं वाढवीत होती.

नीट करावयाचा म्हणजे कसा? हें भाषण ऐकतां ऐकतां बसल्या जागींही करून पाहतां येईल. मांड्या आवळावयाच्या नाहींत, नितंब आवळावयाचे नाहींत, पोट फुगवावयाचें नाहीं, श्वास कोंडावयाचा नाहीं. स्त्रीनें लघवीची धार मध्येंच अडवावी त्याप्रमाणें आंत आणि वर ओढून घ्यावयाचें, पांच-सहा सेकंद धरावयाचें आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावयाचें. धार अडविणें ही केवळ कल्पना. प्रत्यक्ष लघवी करतांना रोज तसें करण्याची संवय लावूं नये, कारण त्यानें मूत्राशय पुरता रिकामा होत नाहीं. नॉर्वेच्या कारी बो या विदुषीनें १०७ स्त्रियांवर सहा महिने चालविलेला प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दिवसांतून तीनदां, प्रत्येक वेळीं आठ ते बारा जोरदार आंवळण्या, इतकाच रोजचा नेम होता, शिवाय आठवड्यांतून एकदां सर्वांनीं मिळून शिक्षिकेसमोर व्यायाम. विजेच्या उत्तेजनापेक्षां आणि योनींत धरावयाच्या वजनांपेक्षां हा साधा नेमच सरस ठरला.

ताकद वाढण्यास महिने लागतात, पण वेळ साधण्यास आठवडा पुरतो. खोकला येणार, शिंक येणार, ओझें उचलावयाचें आहे, हें कळतांच क्षणभर आधीं स्नायु आवळून घ्यावयाचा, एवढीच ही हातोटी. मिशिगनमध्येंच १९९८ सालीं सौम्य गळती असलेल्या २७ वयस्क स्त्रियांना ती आठवडाभर शिकविली. मध्यम खोकल्यांत गळती सरासरी शेंकडा ९८ नें आणि जोराच्या खोकल्यांत शेंकडा ७३ नें कमी झाली. स्नायु आठवड्यांत बळकट होत नाहीं. फक्त पाय वेळेवर नळीवर पडूं लागला.

हाच व्यायाम पुरुषानें करावयाचा झाला तर तोच हुकूम चालेल काय? पुरुषावर ही वेळ बहुधा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगांत येते. तेव्हां ग्रंथि समूळ काढतात, तिच्याबरोबर वरचें कुलूप जातें, आणि खालचें कुलूप शस्त्रक्रियेच्या कांठावर असल्यामुळें तेंही दुखावतें. ज्या द्वारपालाला आजवर मदतनीस होता, त्याला एकाएकीं एकट्यानें पहारा करावा लागतो. पहिले आठवडे गळती होते. बहुतेकांचा ताबा वर्षाच्या आंत परत येतो. १९८२ सालीं बाल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्शनें शेजारच्या मज्जातंतूंना न दुखवितां ग्रंथि काढण्याची पद्धत घालून दिली, तेव्हांपासून या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम उतरले आहेत. ज्यांचा ताबा कधींच येत नाहीं अशा थोड्यांसाठीं ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉटनें १९७२ सालीं द्रव भरलेलें एक कृत्रिम वलय बसविलें. अंडकोशांतील लहानसा पंप दाबला कीं तें उघडतें आणि थोड्या वेळानें आपोआप मिटतें.

अशा पुरुषाला बरीच वर्षें स्त्रियांसाठीं बसविलेलाच व्यायाम सांगितला जाई. बहुधा 'गुदद्वार आवळा' एवढेंच सांगत. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथील संशोधकांनीं ध्वनिलहरींच्या चित्रांनीं व विजेच्या नोंदींनीं २०१६ सालीं हें तपासलें. गुद आवळण्यास सांगितलें तर सर्वांत जास्त काम गुदाची संवरणी करी. मूत्राशय वर उचला म्हटलें तर पोटाचेच स्नायू ताठत आणि आंतला दाब वाढे, म्हणजे नेमकें नको तें होई. पुरुषेंद्रिय आंत ओढून आंखूड केल्यासारखें करा, असें सांगितलें तेव्हां मूत्रमार्गाची संवरणी सर्वांत अधिक आवळली. शब्द थोडे ग्राम्य वाटतील. पण स्नायूला सभ्य भाषा कळत नाहीं.

येथें आपल्याकडील मूलबंधाची आठवण होणें साहजिक आहे. हठयोगप्रदीपिकेंत टांचेनें शिवणीची जागा दाबून गुद आकुंचित करण्याची आणि अपानवायु वर ओढण्याची क्रिया सांगितली आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ऐच्छिक आहेत आणि अभ्यासानें वश होतात, हें त्या ग्रंथकारांना पक्कें ठाऊक होतें. परंतु त्यांचा हेतु लघवी थांबविण्याचा नव्हता, आणि भर गुदावर होता. रोज मूलबंध करणाऱ्या गृहस्थानें तेवढ्यावरून मूत्रमार्गाच्या संवरणीचीही तालीम होते असें गृहीत धरूं नये.

सर्वच गळती संवरणीच्या दुबळेपणाची नसते. एकाएकीं अनावर घाई होऊन मोरी गांठण्यापूर्वींच लघवी होणें हा मूत्राशयाचा उतावळेपणा. तो स्त्रीपुरुष दोघांतही आढळतो, आणि तेथें पहिला उपाय लघवीच्या वेळांमधील अंतर हळूहळू वाढवीत नेण्याचा. घाईच्या क्षणीं धांवत सुटण्यापेक्षां जागीं थांबून संवरणी चार-पांच वेळां आवळली तर उतावळा मूत्राशय पुष्कळदां निवळतो. लघवी करून उठल्यावर पुरुषाच्या कपड्यावर जे थेंब पडतात, तेही ताबा सुटल्याचें लक्षण नव्हे. मूत्रमार्गाच्या फुगीर भागांत थोडी लघवी अडकून राहते, एवढाच त्याचा अर्थ. अंडकोशाच्या मागें बोटांनीं दाबून पुढें निपटलें कीं काम भागतें.

राहिले अंथरूण ओलें करणारे आजोबा. त्यांना केगेलचा व्यायाम सांगणें धोक्याचें आहे, कारण त्यांचें कुलूप सैल नसून बहुधा दरवाजाच अडलेला आहे. प्रोस्टेट ग्रंथि वर्षानुवर्षें वाढत जाऊन मार्ग इतका दाबते कीं मूत्राशय कधींच रिकामा होत नाहीं. तो भरून ताणत जातो, दुखतही नाहीं, आणि झोपेंत कांठोकांठ भरलेल्या हंड्यासारखा वरचेवर सांडतो. घरच्यांना दिसतें तें सांडलेलें. आंत तुंबलेलें कोणाला दिसत नाहीं. लघवीची धार बारीक झाली आहे काय, ती सुरू होण्यास वेळ लागतो काय, ओटीपोटावर हात ठेवला तर बेंबीखालीं घट्ट गोळा लागतो काय, एवढें तरी घरांत कोणीं विचारावें. हा तुंबारा मूत्रपिंडांपर्यंत मागें जातो आणि तीं निकामी करूं शकतो. अशा वेळीं अंथरुणावर मेणकापड घालून आजोबांचें वय मोजीत बसण्याऐवजीं त्यांना त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे न्यावें लागतें. डॉक्टर नळी घालतात तेव्हां पुष्कळदां एक लिटराहून अधिक मूत्र निघतें, आणि रात्रींचें अंथरूण कोरडें राहूं लागतें.